जिभेतल्या अळ्या

वखारीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मामा डोक्यावरून जाड कापड घेऊन पाण्याच्या वाडग्यावर आ वासून वाकला होता. वाडग्यात वीट, विटेवर तापलेली लोखंडी पळी. धुरीबाबाने पळीत बियांची चिमूट सोडली. तडतड झाली, धूर निघाला, आणि बाबा गरजला, "असत्याच्या अळ्यांनो, बाहेर या! जी जीभ खोटं बोलली, ती सोडा!"

कापड निघालं. पाण्यावर बारीक, वाकड्या, पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या.

"अगं बाई! म्हणतात ना, खोटं बोलणाऱ्याच्या तोंडात किडे पडतात..." गर्दीतली एक बाई पुटपुटली.

मामीने मामाकडे रोखून पाहिलं. "कुणाशी खोटं बोललात? माझ्याशीच ना?"

"अगं, शपथ..." मामाचा घोगरा आवाज अर्ध्यातच विरला.

"बघा, घसासुद्धा साथ देईना!" मागून कुणीतरी हसलं.

गर्दीत मामाची भाची उभी होती. ती दातांची डॉक्टर. मामाच्या जिभेच्या कडेचा व्रण तिने आधीच तपासला होता. त्याच्या कडा उचललेल्या आणि बोटाला टणक लागणाऱ्या होत्या. मामा वाळला होता, संध्याकाळी अंगात कणकण असे. तिला कर्करोगाचा संशय होता, क्षयाचाही. पण संशयावर औषध देता येत नाही, म्हणून व्रणाचा तुकडा काढून तपासायचं तिने ठरवलं. मामा तयारही झाला होता. तेवढ्यात मामीने हा बाबा गाठला.

"सुरी लावलीत की संपलंच," बाबा बजावत होता. "जीभ निर्मळ होईपर्यंत फक्त धुरी. घरी धुरी द्यायला वहिनींकडे बिया दिल्यात मी."

"मग एक धुरी त्या किटलीला देऊ," भाची ओट्यावरच्या चहाच्या किटलीकडे बोट दाखवत म्हणाली.

"किटलीला?"

"तिच्याही तोंडातलं काय ते कळू दे."

"शक्तीची परीक्षा घेतेस, पोरी?"

"शक्तीची नाही, बियांची."

मामी फणकारली, "तू मामाची बाजू घेणारच!"

"म्हणून तर हात तुमचा, मामी. बिया तुमच्याकडच्या. मी इथून हलत नाही."

मामीने बाबाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. दोघांवरही तिचा पुरता विश्वास नव्हता. तिने पाणी बदललं, पळी तापवली, किटली वाडग्यावर धरली, बिया टाकल्या आणि कापड पांघरलं. तडतड झाली. कापड उचललं, तर पाण्यावर तशाच अळ्या, तितक्याच पांढऱ्या.

"किटली कुणाशी खोटं बोलली हो, बाबा?" मामीने विचारलं. अंगण हसून लोटपोट झालं.

भाचीने एक अळी बोटावर घेतली. "हिला तोंड नाही, ही वळवळत नाही. हा बीच्या आतला कोंब आहे. बी तापून फुटते, कोंब उडून पाण्यात पडतो. खाली कुणाचं तोंड धरलंय, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही."

बाबा पिशवी आवरू लागला होता.

मग भाचीने व्रणाचा तुकडा काढला आणि काही दिवसांनी तो तपासून आला. कर्करोग नव्हता, क्षयही नव्हता. ती बुरशी होती.

"मामा, वखारीचा माळा कोण झाडतं?"

"मीच. वटवाघळांनी नुसता उकिरडा करून ठेवलाय."

"त्या घाणीच्या मातीत ही वाढते. धुळीबरोबर छातीत जाते, तिथून तोंडापर्यंत पसरते. बरी होते, पण औषध कित्येक महिने घ्यावं लागेल. नाही घेतलं, तर जिवावर बेतेल."

मामीचा संशय अजून फिटला नव्हता. "माळ्यावर बाकीचेही चढतात. यांनाच का?"

"ते अजून माहीत नाही. रक्त तपासायचंय."

"बाबाला सगळं माहीत होतं."

"न तपासता सगळं माहीत असणाऱ्यावरच आधी संशय घ्यावा, मामी. व्रण म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तोंडातलं काही दोन-तीन आठवड्यांत भरून आलं नाही, तर ते डॉक्टरला दाखवायचं. गावाला नाही."

 मामीने मामाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पहिल्यांदाच तो व्रण नीट पाहिला.

"फार दुखतं का हो?" तिने विचारलं.