वजन पुन्हा पाहिलंत?

अण्णांचा प्रोग्राम हाताने चालवला की तुरुतुरु चालायचा आणि वेबपानावरून चालवला की ढिम्म हलायचा नाही. सुनेने सकाळपासून परवानग्या तपासल्या, फाइलचा पत्ता तपासला, सर्व्हरला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या. पानावरचं चक्र आपलं गरगर फिरतंय! घोडं कुठे पेंड खातंय, तेच कळेना.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. ती लहान मुलांच्या ज्या रुग्णालयात संगणक सांभाळायची, तिथूनच ते निवृत्त झाले होते. बाळाचं वजन दिलं की औषधाचा डोस काढून देणारा हा प्रोग्राम त्यांचाच. मूळ कोड कधीच हरवला होता. उरली होती ती कंपाइल केलेली फाइल. चालवता येते, पण उघडून बदलता येत नाही. साहेबांनी बजावलं होतं, "नव्या पानातून आज चालला तर ठीक. नाहीतर हे जुनं काढून टाकू."

निवृत्तीपासून दिवसभर खिडकीशी बसून राहणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तुमचं तिथे आता काहीच उरलं नाही, असं? शेवटी तिने घरी फोन लावला.

"अगं, तो अडकला नाहीये, थांबलाय," अण्णा म्हणाले. "वजन पुन्हा पाहिलंत का, असं विचारतो तो. एंटर दाबल्याशिवाय डोस सांगत नाही. हाताने चालवताना तू दाबत असशील की!"

तिने चालवून पाहिलं. खरंच! प्रश्न पडद्यावर येतो न येतो तोच तिच्या बोटाने एंटर दाबलेलं. इतके दिवस तिने तो वाचलाही नव्हता. तिची तिलाच लाज वाटली.

"मग सोपंय, अण्णा. पान आणि प्रोग्राम जोडणाऱ्या स्क्रिप्टलाच एंटर द्यायला लावते. एका ओळीचं तर काम."

अण्णांचा आवाज चढला. "म्हणजे कुणी न बघताच 'हो' म्हणायचं? त्यापेक्षा टाकून दे माझा प्रोग्राम. तान्ह्या जिवाचं औषध आहे ते!"

घ्या! ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, तेच म्हणतात टाकून दे. सासरेबुवांचा हेका तिला नवा नव्हता, पण या वेळी तो तिला पटला.

तिने पानावर दुसरा चौकोन काढला: बाळाला पुन्हा काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. दोन्ही वजनं जुळली, तरच स्क्रिप्ट प्रोग्रामला एंटर देणार.

नवं पान बघायला आलेल्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लोक वैतागतील. हा नसता व्याप कशाला?"

शेजारी बसलेल्या थोरल्या सिस्टरने एका बाळाचं वजन लिहिलं. दुसरा चौकोन आला आणि तिचा हात थांबला. ती खुर्ची मागे सारून उठली, वॉर्डात गेली. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. परत येऊन तिने आकडा लिहिला. जुळला नाही.

"मघाशी दुपट्यासकट ठेवलं होतं," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "राहू दे हे असंच," म्हणाले आणि निघून गेले.

सुनेने धावतच फोन लावला. "अण्णा, राहिला तुमचा प्रोग्राम!"

"ते असू दे. बाळाला पुन्हा वजनाला घेतलं ना?"

"घेतलं, अण्णा."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.