सकाळी सहा वाजता

परिषदेच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच, एक कागद चौकटीत घालून टांगला आहे. तो ज्याने लिहिला त्याला सगळं ऑफिस ‘स्वल्पविराम’ म्हणतं. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही. नदीच्या वरच्या अंगाचा देश आणि खालच्या अंगाचा देश यांच्यातली लढाई थांबवायला अकरा दिवस वाटाघाटी चालल्या होत्या. त्यातला एक अख्खा दिवस एका स्वल्पविरामावर खर्ची पडला आणि याने तो शेवटपर्यंत सोडला नाही. इतिहासात कुणी किल्ले जिंकले, कुणी मुलूख जिंकला. आपण काय जिंकलं ते आठवून त्याला इतक्या वर्षांनीही दाढी करताना हसू येई.

जगातल्या लढाया थांबवाव्यात म्हणून जगानेच ही परिषद काढली. तिच्याकडे फौज नाही, तोफा नाहीत. बैठकीच्या खोल्या मात्र एकशे चाळीस आहेत. कुठे गोळीबार सुरू झाला की परिषद आधी चिंता व्यक्त करते, मग तीव्र चिंता व्यक्त करते, आणि तरीही कुणी जुमानलं नाही तर अत्यंत तीव्र चिंता व्यक्त करते. या तीन चिंतांमधला फरक साऱ्या जगात फार तर तीस माणसांना कळत असेल. त्यांतला एक म्हणजे आमचा स्वल्पविराम. त्याची बायको पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना काळजी करायचा पगार मिळतो. घरातली काळजी मी फुकटात करते."

आता निवृत्तीला चारच महिने उरले होते. निरोपाच्या दिवशी त्याच कागदाची छोटी प्रत चांदीच्या चौकटीत घालून त्याला द्यायची, असं ठरलं होतं. दर मंगळवारी तो नव्याने भरती झालेल्या पोरापोरींना त्या कागदासमोर उभं करायचा आणि एकेक कलम उलगडून दाखवायचा. "बघा, इथे ‘तत्काळ’ नाही, ‘विनाविलंब’ आहे. या एका शब्दासाठी दोन जेवणं वाया गेली." पोरं वहीत लिहून घेत. हा मिशीत हसे. नऊ वर्षं त्या नदीवर गोळी सुटलेली नाही, हे तो शेवटी सांगे, आणि ते खरंही होतं.

अशाच एका मंगळवारी खालून फोन आला. भेटीची वेळ न घेता एक बाई आली आहे, वरच्या देशातली, शिवणकाम करते म्हणते, आणि कागद लिहिणाऱ्यालाच भेटायचं म्हणून अडून बसली आहे.

भेटीच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग आणि भिंतीवर घड्याळ. बाई पन्नाशीची असेल. तिने पिशवीतून तीन पत्रं काढून टेबलावर ओळीने मांडली. परिषदेने तिला पाठवलेली उत्तरं होती ती. तिन्हींवर एकच मजकूर: आपल्या पत्राची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. स्वल्पविरामाने आपलं वाक्य लगेच ओळखलं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच ते घडवलं होतं आणि तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटला होता, कारण ते कुठल्याही पत्राला चालत असे.

"माझा भाऊ शाळेत शिपाई होता," बाई म्हणाली. "घंटा वाजवायचा. सगळं गाव त्याच्या घंटेवर चालायचं. रेडिओवर सांगितलं, उद्या सकाळी सहाला लढाई थांबणार. हा म्हणाला, ताई, सहाचे ठोके मीच देणार. सहाला गेला. वाजवली घंटा. लोक दारात आले, एकमेकांच्या गळ्यात पडले. हा वाजवतच राहिला, थांबेना. सहा वीसला पलीकडून गोळा आला."

"हे तर कराराचं उल्लंघन झालं," स्वल्पविराम सवयीने म्हणाला. "उल्लंघनांची वेगळी यादी असते. त्यात नाव..."

"त्या यादीत नाही. तुमच्याच माणसांनी सांगितलं, उल्लंघन झालंच नाही. पलीकडे तेव्हा पाच वीस वाजले होते. त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागं. त्यांनी त्यांच्या सहाला तोफा बंद केल्या, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

स्वल्पविरामाने जगमधलं पाणी पेल्यात ओतलं. थोडं टेबलावर सांडलं.

"गावात दगड उभा केलाय," बाई पुढे म्हणाली, "लढाईत गेलेल्यांच्या नावांचा. गावची समिती म्हणते, लढाई सहाला संपली, हा सहा वीसला गेला, मग याचं नाव कसं कोरायचं? लढाईतल्यांत नाही, नंतरच्यांत नाही. आई गेल्या वर्षापर्यंत रोज जाऊन तो दगड वरपासून खालपर्यंत वाचायची. समिती म्हणते, परिषदेचं पत्र आणा. मला दुसरं काही नको, साहेब. माझा भाऊ लढाईत गेला की शांततेत, एवढं लिहून द्या."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने गुरुवारपर्यंत मुदत मागितली. बाईने मान डोलावली आणि तिन्ही पत्रं नीट घडी करून पिशवीत परत ठेवली.

वर येऊन तो चौकटीतल्या कागदासमोर उभा राहिला. सहावं कलम. दोन्ही पक्ष येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सर्व प्रकारचा गोळीबार विनाविलंब थांबवतील. बस्स. एकेका शब्दाचा कीस पाडला होता. कुणाचे सहा, हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन्ही देश वेगळे झाले तेव्हा एकाने केवळ खुन्नस म्हणून घड्याळं तासभर पुढे केली होती, हे त्याला माहीत होतं. चहाच्या सुट्टीत त्याने त्यावर विनोदही केला होता. इतकंच काय, सहीच्या दुपारी हे कलम वाचल्यावर दोन्हीकडच्या प्रतिनिधींनी एकदमच आपापल्या मनगटाकडे पाहिलं होतं. तेही त्याने पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं, यांना विमान गाठायची घाई दिसतेय.

संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "आठ वाजता धाकटे भाऊजी येतायत, जेवायलाच."

"हॉलमधल्या घड्याळाने की खऱ्या?" त्याने बूट काढता काढता विचारलं. हॉलमधलं घड्याळ बायकोने पंधरा मिनिटं पुढे ठेवलं होतं, हा वेळेवर घराबाहेर पडावा म्हणून. त्यामुळे हा प्रश्न घरात दिवसातून तीनदा विचारला जाई. आज तो विचारला आणि एक बूट हातात घेऊन तो तसाच बसून राहिला.

"काय झालं हो?"

त्याने सगळं सांगितलं. घंटा, गोळा, दगड. बायकोने त्याच्या हातातला बूट काढून खाली ठेवला.

"आणि हा मूर्ख," तो स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, "नऊ वर्षं दर मंगळवारी पोरांना तो कागद शिकवतोय."

"त्या बाईला काय हवंय?"

"एक पत्र."

"मग अडलं कुठे? तुम्ही दुसरं करता काय जन्मभर?"

तेच तर अडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र लिहायला बसला आणि पहिलं वाक्य उमटलं ते असं: ‘वेळेच्या संदर्भात काही अंशी संदिग्धता उद्भवली असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.’ ते वाचून तो खुर्चीत एकटाच खो खो हसला. माणूस मेला होता, घंटेची दोरी हातात धरून, आणि याच्या लेखणीतून शक्यता उद्भवत होत्या. चार कागद टाकून दिल्यावर एक बरा मसुदा झाला. तो घेऊन तो संचालकबाईंकडे गेला.

संचालकबाईंनी दोनदा वाचला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं.

"हे परिषदेच्या कागदावर जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "करार टिकलाय तो का? दोघेही म्हणू शकतात की आम्ही शब्द पाळला. कागदातच चूक होती असं आपण लिहून दिलं, की उद्या एक म्हणणार आम्हाला फसवलं, दुसरा म्हणणार आमच्यावर आळ घेतला. नऊ वर्षं त्या पुलावरून भाजीचे ट्रक जातायत. शाळेच्या सहली जातायत. एका नावासाठी ते पणाला लावू?"

वाईट याचं वाटत होतं की त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हा युक्तिवाद त्याने स्वतः याआधी निदान दहा प्रकरणांत केला होता, आणि यापेक्षा चांगल्या भाषेत.

"आणि स्वतःच्या नावाने लिहायचा विचारही मनात आणू नका," त्या पुढे म्हणाल्या. "चौदावा नियम आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याची भाषा मीच सुधारली होती."

त्या दिवशी दुपारी त्याने एका शब्दालाही हात लावला नाही. चांदीच्या चौकटीचा विचार केला. निरोपाच्या भाषणाचा केला. भाषण तयार होतं, त्यात दोन विनोद होते. शेपूट घालून गप्प बसायचं कौशल्य त्याच्याकडे भरपूर होतं आणि ते वापरायला आता चारच महिने बाकी होते. मग त्याला ती म्हातारी दिसू लागली, त्याने कधीही न पाहिलेली, दगड वरपासून खालपर्यंत वाचणारी. रोज वाचायची म्हणे. जणू काल वाचताना आपली नजर चुकली असेल. त्याला इतकी लाज वाटली की त्याने कुणी नसताना चेहरा हातांनी झाकून घेतला.

गुरुवारी सकाळी बाई त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसली होती. त्याने साध्या वहीचा कागद काढला आणि तिच्यासमोरच लिहिलं. खाडाखोड झाली नाही.

‘तुमच्या गावच्या शाळेचे शिपाई, तुमचे भाऊ, लढाई थांबली असं समजून घंटा वाजवायला गेले. लढाई थांबली नव्हती. ते लढाईत गेले. लढाई सहाला थांबेल असं कागदावर होतं, पण सहा कुणाचे ते लिहायचं राहिलं. तो कागद मी लिहिला. ही चूक परिषदेची नाही, कुठल्याही देशाची नाही. माझी आहे.’

शेवटची दोन वाक्यं त्याने पुलावरच्या ट्रकांसाठी घातली होती. पण लिहिल्यावर ती खरीच वाटली. खाली त्याने संपूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली.

बाईने शिलाई तपासावी तसं ते ओळीवर बोट ठेवून वाचलं.  तिने पदराचं टोक हनुवटीवर दाबून धरलं.

"समिती विचारील," मग ती म्हणाली, "हे कधी दिलं म्हणून. तारीख, वेळ घाला."

त्याने तारीख घातली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. पेन टेकवलं आणि उचललं.

"ताई, तुमच्याकडे आत्ता किती वाजले?"

तिने मनगट वळवून पाहिलं. इथे येऊन तीन दिवस झाले होते, तरी तिने आपल्या घड्याळाला हात लावला नव्हता.

"एक वाजून दहा."

त्याने तेच लिहिलं, पुढे तिच्या देशाचं नाव घातलं, आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने घडी घातली, ती जुन्या तीन पत्रांबरोबर न ठेवता पिशवीच्या आतल्या कप्प्यात वेगळी ठेवली आणि उठली.

"विचारायला किती वेळ लागतो, साहेब?" ती दारात थांबून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आत्ता लागला तेवढाच."