कासारमाळ स्टेशनची उत्तरेकडची भिंत

मी एक जुने, बंद पडलेले रेल्वे स्टेशन आहे, मित्रांनो. मिरजेहून कोल्हापूरला येताना उसाच्या फडांत काळ्या दगडाची मोडकी इमारत क्षणभर दिसते ना, तेच मी. कासारमाळ माझे नाव. गाडी आता माझ्यापाशी थांबत नाही, नुसती हादरवून जाते.

मला बांधणाऱ्या गवंड्यांनी छपराखालून एक जाड लोखंडी सळई आरपार घातली होती. माझ्या दोन्ही लांब भिंती तिने एकमेकींना आवळून धरल्या होत्या. येणारेजाणारे तिच्याकडे बघतही नसत. तिचे मोल फक्त गणपतीला, माझ्याकडे रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला, ठाऊक होते. तो रोज फलाट झाडायचा, कंदिलाची काच पुसायचा. भाजीच्या बुट्ट्या घेऊन कोल्हापूरला निघालेल्या बाया आणि कबनूरला कापडाच्या मागावर कामाला जाणारी माणसे माझ्या सावलीत गप्पा मारत बसत. "स्टेशन लहान आहे, पण लख्ख आहे," असे एकदा एक साहेब म्हणाले. गणपतीने ते महिनाभर सगळ्यांना सांगितले.

मग रस्त्यावर वडापच्या, माणसे कोंबून भाड्याने नेणाऱ्या, जीपगाड्या धावू लागल्या. हात केला की थांबत. माझ्याकडे कोण येणार? १९९४ साली तिकिटाची खिडकी कायमची मिटली. गणपती निवृत्त झाला, पण शेजारच्याच वस्तीत राहिला. हळूहळू माझी दारे गेली, बाके गेली, अर्धी कौले गेली. आणि एके सकाळी वस्तीतला गुंडू शिडी घेऊन आला.

"गुंडू, ती सळई काढू नगंस. भित्ती सुटतील," गणपती खालून ओरडला.

"बंद पडल्यालं टेसन, मामा! त्याला काय करायची हाय सळई? माझ्या गोठ्याच्या छपराला आडवा आधार पायजे."

सळई निघाली, तेव्हा मला दुखले नाही. नुसते सैल वाटले. ते सैल वाटणेच वाईट होते.

पहिल्या वर्षी उत्तरेकडच्या भिंतीत दोऱ्याएवढी चीर पडली. पुढे तीत गणपतीचे बोट जाऊ लागले. प्रत्येक गाडीमागे थोडी माती झरायची. तो ग्रामपंचायतीत गेला. "ते रेल्वेचं हाय," तिथे म्हणाले. रेल्वेच्या कचेरीत म्हणाले, "ते स्टेशन आता वापरात नाही." तेव्हा त्याने चुन्याने माझ्या भिंतीवर लिहिले : आत थांबू नका. दोन पावसाळ्यांत तेही धुऊन गेले.

२००५ चा जुलै आला. आठ दिवस पावसाने उसंत दिली नाही. दगडांमधली माती भिजून लापशीसारखी झाली. एका दुपारी डेअरीला दूध घालायला निघालेल्या चार बाया किटल्या घेऊन माझ्या आत शिरल्या. त्यांत गुंडूची बायको चिमणाबाई होती. मला मिरजेच्या बाजूने रुळांची थरथर जाणवू लागली होती. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

डोक्यावर पोते घेऊन गणपती धावत आला. "भायेर पडा! गाडी येतीया!"

"गाडी काय आत येणार हाय व्हय, मामा?" चिमणाबाई हसली. "एवढ्या पावसात कुठं जायाचं?"

"भित्त पडंल गं!"

"धा वरसं झाली तुमची भित्त पडतीया."

बाकीच्याही हसल्या. गणपतीने एकदा माझ्या चिरेकडे बघितले, आणि चिमणाबाईच्या पायाकडे बोट करून ओरडला, "नाग! नाग हाय!"

किटल्या उलथल्या. चौघी पावसात पळाल्या. तो सगळ्यांच्या मागे होता. गाडी माझ्यासमोरून धडधडत गेली आणि माझी उत्तरेकडची भिंत बाहेर कोसळली. तिच्यामागोमाग छप्पर खाली आले. एक तुळई गणपतीच्या खांद्यावर बसली. तो वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी गुंडू खांद्यावर सळई घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. गणपतीची बायको मीनाबाई म्हणाली, "आता कशाला आणलीस? ने परत. गोठा तरी हुबा ऱ्हाऊ दे."

गणपती तीन वर्षांनी गेला. माझी फलाटाकडची भिंत मात्र अजून उभी आहे, वर छपराचा तुकडा घेऊन. तिलाही चीर गेली आहे, तीत आता अख्खी मूठ जाते. लोक विसरले आहेत. उन्हाच्या वेळी शेळ्या घेऊन कोणी ना कोणी सावलीला येतेच. आत्ताही दोघी जणी बसल्या आहेत. एकीने भाकरीचे फडके सोडले आहे, दुसरी भिंतीला टेकून डुलकी घेते आहे.

आयुष्यभर मी माणसांची वाट पाहिली, मित्रांनो. आज माझी विनवणी उलटी आहे. कुठलीही वास्तू टाकून द्यायची असेल तर नीट उतरवून टाका, नाहीतर नीट सांभाळा. अशी अर्धवट उभी सोडू नका. आणि तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर त्या दोघींना हाक मारा. मोठ्याने मारा.

रूळ थरथरू लागले आहेत.