लाखेच्या बीजघरातलं भिंग

मित्रांनो, नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटात दुसऱ्या फळीवर एक जुनं भिंग आहे, ते मी. पितळी दांडीवर बसवलेलं, स्क्रू फिरवला की वरखाली होणारं आणि मान तिरपी करता येणारं. बारीक गोष्ट मोठी करून दाखवणं हा माझा धंदा. किती किड्यांच्या तंगड्या आणि सोंडा मी मुलांना दाखवल्या, त्याला गणती नाही. माझा स्वतःचा अपराध मात्र मी सात वर्षं झाकून ठेवला. आज तो सांगतो. तो मोठा करून दाखवायची गरज नाही, आहे तेवढाच पुष्कळ आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं, आणि नव्या कॉलेजांना नवी उपकरणं हवी होती. मला घासूनपुसून लख्ख केलं आणि गवत भरलेल्या पेटीत घालून नागपूरला धाडलं. तिथे शालीकराम बिसेन नावाच्या तरुण मास्तरांच्या हाती मी पडलो. तिरोड्याकडच्या धानकरी घरातला हा मुलगा नागपुरात शिकून प्रयोगशाळेत नोकरीला लागला होता. नेमणूक अजून कच्ची होती. मला पुसताना ते नेहमी स्वतःच्या धुतलेल्या रुमालाने पुसत, आणि मला त्याचा फार गर्व होता.

मग एक्कावन्न साली एक योजना निघाली. गोंदियाला केशोराव नावाच्या गृहस्थांचा लाखेचा कारखाना होता. जंगलातून आलेली कच्ची लाख धुऊन, वितळवून तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची तयार लाख, तिथे होई. लाख म्हणजे पळसाच्या फांदीवर बसणाऱ्या इवल्या किड्यांचं घर. पण माल कधी येई, कधी येत नसे. केशोराव कॉलेजात येऊन म्हणाले, "तुमी सायन्सवाले, आमी कारखानेवाले, आन लाख काढनारे तिकडं जंगलात. तिघं एका जागी बसले त काहीतरी होईल."

आणि तिघं बसले. कॉलेजाने मास्तर दिले आणि मास्तरांबरोबर मला दिलं. कारखान्याने सगळी लाख घ्यायचं कबूल केलं. सालेकशाजवळच्या अकरा घरांच्या एका गोंड टोल्याने, म्हणजे वस्तीने, आपलं बीज दिलं.

बीज म्हणजे जिवंत किडे असलेल्या लाखेच्या काड्या. त्यातून पिल्लं निघायच्या आत त्या नव्या झाडाला बांधाव्या लागतात. आधी तोडल्या तर पिल्लं कच्ची राहतात, उशिरा बांधल्या तर ती भुईवर फिरून मरतात. पिल्लं निघायच्या आठेक दिवस आधी लाखेवर पिवळा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका दाखवायचं काम माझं होतं.

टोल्याच्या कडेला लोकांनी कुडाची एक खोली बांधली. सगळे तिला बीजघर म्हणत. राखणीला झाडू नावाचा शांत, उंच माणूस होता. त्याची बायको फुलवंता पहिल्याच दिवशी माझ्यावर वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"काय दिसते?" मास्तरांनी विचारलं.

"जीव दिसून राहिले, मास्तर," ती म्हणाली. "आमी याले आतापावतर गोंदच समजून तोडत होतो."

त्या बाईइतकं नीट माझ्यातून कोणी पाहिलं नाही. महिनाभरात ती ठिपक्यावरून दिवस सांगू लागली आणि एकदाही चुकली नाही. मास्तरांनी तिला माझी काळ्या बनातीची टोपी दाखवून बजावलं, की काम झालं की ही घालायची, नाहीतर काचेवर धूळ बसते. धूळ बसते, एवढंच त्यांनी सांगितलं. भिंग ऊन गोळा करतं हे त्यांना पुस्तकातून पाठ होतं, पण टोपी घालताना ते कधी आठवलं नाही.

बावन्न सालचा दसरा झाला. अकरा घरांचं बीज तोडून बीजघरात ठेवलं होतं. माच्यावर वाळलं गवत अंथरून त्यावर जुड्या रचल्या होत्या, आणि माच्याला लागूनच असलेल्या माझ्या टेबलावरही थोडं गवत आलं होतं. त्या सकाळी गोंदियाला केशोरावांकडे मोठी बैठक होती. मास्तरांची पक्की नेमणूक त्या बैठकीवर अवलंबून होती. निघता निघता त्यांनी एक काडी माझ्याखाली धरली, उजेड बरा यावा म्हणून माझी मान पूर्वेच्या खिडकीकडे तिरपी केली, ठिपका पाहून वहीत टिपला. तेवढ्यात लांबून गाडीची शिटी ऐकू आली आणि मास्तर पळाले. काडी तशीच राहिली, मीही तसाच. टोपी टेबलावर पडली होती.

मग सूर्य खिडकीत आला.

मित्रांनो, मला दोष देताना काच निर्जीव असते असं म्हणू नका. मी पाहत होतो. माझ्यातून गेलेलं ऊन आधी टेबलावर रुपयाएवढं पडलं, मग चवलीएवढं झालं, मग मोहरीएवढं. ते सरकत काडीवर गेलं. लाख घामेजल्यासारखी झाली आणि तिच्याखालच्या गवताला धूर सुटला. माझी मान वळवायला मला हात नव्हते, ओरडायला तोंड नव्हतं. लाख पेटते तेव्हा मागेपुढे पाहत नाही. दहा मिनिटांत माचा पेटला.

झाडू बाहेर अंगणात चोंगी ओढत बसला होता. चोंगी म्हणजे पळसाच्या पानात गुंडाळलेली तंबाखू. रोज सकाळी तो तिथे बसून ती ओढायचा, सगळ्या टोल्याला ते ठाऊक होतं. धूर पाहून तो आत घुसला. त्याच्या एका बाजूला अकरा घरांचं बीज होतं, दुसऱ्या बाजूला मी. त्याने मला उचललं. मी पाहुण्याची वस्तू, कॉलेजाची अमानत, म्हणून आधी मी. माझी पितळी दांडी तापून लाल व्हायची तेवढी राहिली होती. त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी माझ्या दांडीला चिकटून आली. मला बाहेर ठेवून तो परत वळला, तोवर छप्पर खाली आलं होतं.

संध्याकाळी मास्तर आणि केशोराव दोघंही आले. केशोरावांनी राख पाहिली आणि झाडूला म्हणाले, "काऊन रे, तू तिथंच चोंगी ओढून राहिला होता ना?"

"ओढत होतो, मालक," झाडू म्हणाला. तो खोटं बोलणारा नव्हता.

मास्तरांनी मला हातात घेतलं. माझी मान अजून तशीच तिरपी होती आणि स्क्रू सकाळी त्यांनी फिरवला तिथेच होता. ते अर्धवट जळलेल्या टेबलापाशी गेले. तिथे लाकडात बोट जाईल एवढं काळं भोक पडलं होतं. ते कितीतरी वेळ भोकाकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता ते बोलतील. पण त्यांनी मला पिशवीत घातलं.

नागपूरला जाऊन त्यांनी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'राखणदाराच्या चोंगीची ठिणगी पडून आग लागल्याचा संभव आहे.' संभव आहे, एवढंच. तो शब्द लिहिताना त्यांनी टाक तीनदा दौतीत बुडवला, पण लिहिला. टोल्यात पोचेपर्यंत त्यातला संभव गळून पडला आणि नुसती चोंगी उरली.

त्या वर्षी अकरा घरांत लाख नव्हती, पुढच्या वर्षीही नव्हती, कारण बीजच नव्हतं. त्या टोल्यात सकाळी चुलीचा विस्तव एकमेकांकडून मागून आणायची रीत होती. झाडूच्या घरचा विस्तव कोणी नेईना आणि त्याला कोणी देईना. उदाराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती, भिंतीला भिंत लागलेला. त्यानेही बोलणं सोडलं. सालेकशाहून येणारे लोक या सगळ्या गोष्टी मास्तरांना सांगत. मास्तर ऐकत आणि मला पुसत बसत. आता ते माझी टोपी दोन दोनदा तपासत.

योजना मात्र बंद पडली नाही. दुसऱ्या टोल्यांत ती सुरू झाली आणि चांगली चालली. कारखान्याला माल मिळाला, कॉलेजाचं नाव झालं, मास्तरांची नेमणूक पक्की झाली. प्रदर्शनात माझ्याशेजारी पाटी लागली, 'याच भिंगाने सालेकशाच्या जंगलात विज्ञान नेले.' लोक वाकून मला पाहत. मला त्या पाटीची लाज वाटत होती. मी काय नेलं होतं ते मला माहीत होतं.

एकोणसाठ साली केशोरावांनी कारखान्याच्या अंगणात बायांसाठी शिकवणी ठेवली. मास्तर मला घेऊन गोंदियाला आले. लाख निवडणाऱ्या बायांच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा होता. फुलवंता. टोल्यात राहणं कठीण झाल्यावर ती कारखान्यात कामाला आली होती. झाडू मात्र टोला सोडायला तयार नव्हता.

"तुले त येते पायता," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "दाखव यांना."

तिने माझी टोपी काढली. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. शेजारच्या पोरीला काडी दिसावी म्हणून तिने माझी मान वळवली आणि एकदम हात मागे घेतला. तिच्या मनगटावर बारीक लाल ठिपका उठला होता. ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने एक वाळलेलं पान उचलून माझ्याखाली धरलं. मला नको नको झालं होतं, पण ऊन माझ्यातून गेलंच. पानातून धूर निघाला.

ती उठून मास्तरांपुढे उभी राहिली.

"मास्तर, हे तुमाले मालूम होता?"

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. साक्षीला मी होतो आणि मी मुका होतो. "होता," ते म्हणाले.

"कवापासून?"

"त्याच संध्याकाळपासून."

तिचा आवाज चढला नाही. "मंग मले नोका सांगू. टोल्यात चला."

केशोराव मध्ये पडले. "सोडा न मास्तर. जो हुआ सो हुआ. इतक्या वरसांनी योजनेचं नाव कायले खराब करता?"

"नाव माझं खराब होईल," मास्तर म्हणाले. "सात वर्षं झाडूचं झालंच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही सालेकशाला उतरलो. टोल्यापर्यंतच्या वाटेवर मास्तरांनी मला पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं. झाडू अंगणात दोर वळत होता. त्याच्या तळव्यांवर माझ्या दांडीची खूण अजून होती. मास्तरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. टोपी सांगितली, गाडीची शिटी सांगितली, टेबलावरचं भोकही सांगितलं. अहवालात काय लिहिलं तेही लपवलं नाही.

झाडूने दोर खाली ठेवला. मग तो म्हणाला, "पन मले त आठवते, मास्तर."

"काय आठवते?"

"रोज रातदिस आठवून पायत होतो, चोंगी कुठं ठेवलो. पयले आठवेच ना. मंग आठवली. कुडाले टेकवून ठेवलो होतो मी. अजून दिसते मले डोऱ्यापुढं."

"तू नाई ठेवला, झाडूभाऊ," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

न केलेला गुन्हा त्या माणसाने स्वतःच शोधून काढला होता, कारण सगळे म्हणत होते म्हणजे तो कुठेतरी असलाच पाहिजे. आमच्या गप्प बसण्याने अकरा घरांचं बीज जळालं त्याहून मोठं काही जाळलं होतं. ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी काच असूनही फुटलो नाही इतकंच.

फुलवंता म्हणाली, "आता घरोघर चला." मग मास्तर एकेका दारात गेले. प्रत्येक दारात त्यांनी मला पुढे धरलं, उन्हात पान जाळून दाखवलं आणि तेच बोलले, "आग मी लावलो. झाडूने नाई." झाडू मागे मागे चालत होता. कोणी मान खाली घातली, कोणी मास्तरांना चार शब्द सुनावले. एका घरचा जागेश्वर म्हणाला, "शिकलेला मानूस सांगून राहिला होता म्हनून आमी इचारलो नाई." अशी नऊ घरं झाली.

दहावं घर उदारामचं होतं. तो दोन पावसाळ्यांपूर्वी वारला होता. दारात त्याची सून उभी होती, मास्तर तिला सांगू लागले. झाडूने त्यांना थांबवलं.

"इले कायले सांगता? हे लगन होऊन आली तवा आग विझली होती," तो म्हणाला. मग दाराच्या आतल्या अंधाराकडे बघत त्याने विचारलं, "त्याले कसा सांगाल, मास्तर?"

 

मित्रांनो, भिंग वापरून झालं की त्याच्यावर टोपी घाला, ते उन्हात ठेवू नका, हे तर तुम्हाला सांगायचंच आहे. पण तुमच्यापैकी कोणी एखाद्याचं नाव 'बहुतेक त्यानेच' म्हणून घेतलं असेल, आणि खरं काय ते मागाहून कळलं असेल, तर घरी जाईपर्यंत थांबू नका. आज मधल्या सुटीतच जा आणि सांगा. ज्याचं नाव घेतलंत तो अजून तुमच्याच वर्गात बसतो आहे.