कच्च्या रंगाचा ओटा

मी ओटा बोलतोय. आंधळगावच्या टेकचंदच्या घरचा, स्वयंपाकाचा पांढरा ओटा. बोलायची मला हौस नाही. पण माझ्या अंगावर ॲसिड ओतायची वेळ आली, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. म्हणून आता मीही न विचारता सांगतो.

माझा जन्म डोंगरात झाला नाही. कारखान्यात गारगोटीचा चुरा घेतला, त्यात डिंकासारखी चिकट राळ मिसळली, दाबलं, तापवलं, घासलं, आणि झालो मी. खरा दगड मला दगड मानत नाही. नको मानू. खऱ्या दगडासारखं तेल-पाणी मी पीत नाही, एवढं मला पुरे. फक्त ती राळ आचेला भिते, आणि जळजळीत औषधाला भिते. हे दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं, पण त्याला विकायची घाई.

घर विणकराचं. अंगणाकडच्या खोलीत खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून टेकचंद त्यावर कोसा, म्हणजे रानरेशीम, विणायचा. मला बसवलं त्या दिवशी त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"भुकटीचा गोटा! याच्यापेक्षा कडप्पा काय वाईट होता?"

मला पसंत केलं होतं सुनेनं, करुणानं. सासूला, दुर्गाबाईला, ती सरळ मनानं म्हणाली, "आई, तुमची कंबर दुखते. आता उभ्यानं करत जा."

जन्मभर पाटावर बसून स्वयंपाक केलेली बाई. तिला वाटलं, आपली चूल गेली. तिनं अंगणात वेगळी चूल मांडली. आत सून, बाहेर सासू. मुलगा भूषण एका ताटात दोन्हीकडची भाजी घ्यायचा आणि मुकाट्यानं गिळायचा. घाबरट माणूस! एकदा टेकचंदनं उकळती कढई तशीच माझ्या कडेवर टेकवली. तिथं फिकट गोल उमटला, तो काही गेला नाही. मी रडलो नाही. कोणापुढं रडणार?

मग गेल्या हिवाळ्यात करुणा तापानं पडली. दुर्गाबाई काढा करायला आत आली, ती परत बाहेर गेलीच नाही. कोणी कोणाची माफी मागितली नाही. बाहेरच्या चुलीवर मग फक्त रेशमाचे कोश उकळायचे. पण आतला समेट दुर्गाबाई तळहाताच्या फोडासारखा जपायची. करुणाचा ओटा म्हणून मला दिवसातून चारदा पुसायची. उगीच पुसायची, पण मऊ फडक्यानं पुसायची.

त्या दिवशी करुणा माहेरी, लाखनीला गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. मागावर पाय मारून मारून टेकचंदचा गुडघा गेलेला. दुर्गाबाईनं त्याच्यासाठी ओली हळद वाटली, तेलात गरम केली, फडक्यात गोळा बांधला. तेवढ्यात बाहेर कोशांचं पाणी उतू गेलं. तो गोळा माझ्यावर ठेवून ती पळाली आणि तिकडंच रमली.

जेवणानंतर गोळा उचलला, तर खाली भाकरीएवढा पिवळा डाग. पाण्यानं पुसला. जाईना. आता हिचं डोकं विणकरणीचं. कोशातला डिंक सुटावा म्हणून बाहेर धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळतच होतं.

"कोशाचा गोंद सुटते, तं हळद कायले नाही सुटन?" ती स्वतःशीच म्हणाली आणि त्या उकळत्या पाण्यात फडकं बुडवून माझ्यावर घासलं.

डाग लालभडक झाला.

"अगं माय! रगत!"

टेकचंद लंगडत आला. बोट लावलं, बोट लाल. झालं! शहाण्याला सगळं कळलं.

"रंग सुटला, वं! म्या पयलेच म्हटलो होतो. कच्च्या रंगाचा माल देल्ला आपल्याले. आतमंदी लाल, वरतून पांढरं फासलं."

अरे बाबा, मी काय लुगडं आहे? सोडा लागला की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते या घरात कोणाला ठाऊक नाही? पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कपाळावरचंही दिसत नाही.

टेकचंद मोरीतली ॲसिडची बाटली घेऊन आला. "सर बाजूले. मोरीची फरशी कशी पांढरी होते? तसंच हे होईन."

"आन् नाही झालं तं?"

"तं भूषणले सांगून फोडू. कडप्पा बसवू."

"करुणा आल्यावर काय सांगू मी?"

"सांग, मामाजीनं केलं." सून त्याला, सासऱ्याला, मामाजी म्हणते.

"तुमचं नाव सांगून वाचते का कोणी? दोन चुली झाल्या तवा तुमी कुठं होते? मागाच्या खड्ड्यात!"

बाटलीचं झाकण निघालं होतं. वास माझ्यापर्यंत आला. दुर्गाबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा.

"करुणा, तुह्या ओट्याचं म्या वाटोळं केलं." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. हळद, सोड्याचं उकळतं पाणी, लाल रंग, बाटली.

टेकचंदनं बाटली सोडली नाही, पण कान फोनकडं केला.

मग करुणा म्हणाली, "आई, हाताले चटका तं नाही ना बसला?"

दुर्गाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "नाही वं, पोरी," ती म्हणाली.

"मामाजीले म्हणा, ॲसिड मोरीत नेऊन ठेवा. चांगल्या पाण्यानं दोनतीनदा पुसा, सोडा निघाला पाहिजे. मंग भांड्याचं साबण आन् मऊ फडकं. राहिलं तं खायचा सोडा, तो नरम असते, पाण्यात कालवून थोडा वेळ लावा, हलकेच पुसा. तारेची घासणी नाही लावाची. आन् खिडकीचा पडदा सरकवा. हळद उन्हात उडते, साडीवरची नाही उडत का?"

टेकचंद झाकण लावत पुटपुटला, "हे तं मलेही माहीत होतं."

"मंग बाटली काहून आणली?" दुर्गाबाई म्हणाली.

लाल गेला, खायच्या सोड्यानं पिवळाही बराच गेला. करुणा आली तेव्हा फिकट सावली उरली होती. तिनं पिशवी ठेवली, आधी सासूचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग माझ्याकडं. म्हणाली, "बाकीचं ऊन काढन." आणि पोळ्यांना लागली. दोन सकाळींच्या उन्हात सावलीही उडाली.

आता मी बरा आहे. कडेचा गोल सोडला तर अंगावर डाग नाही. तुम्हाला एकच सांगणं. डाग पडला की आधी पाणी घ्या, साबण घ्या, आणि घरच्या माणसाला सांगा. बाटली शेवटीसुद्धा नको.

चला, उठा. सासू कणीक मळणार आहे, सून लाटणार आहे. दोघींना जागा कमी पडते, त्यात माझ्यावर टेकलेली तुमची कोपरं कशाला?