जाड पुंगळ्या

फेअरली गावात फर्गस टलकने घातलेलं छप्पर गळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खिळा केसभर तिरका गेला तरी उपटून पुन्हा ठोकणारा माणूस. गुडघे कुरकुरायला लागले तसं छपरावर चढणं सुटलं, पण स्वभाव कुठे जाणार? तो घरामागच्या शेडमध्ये बसून स्वतःच्या रायफलीची काडतुसं भरू लागला.

रायफल मॅग्नम, जास्त दारूची काडतुसं खाणारी, जुनी, खांद्याला लाथ घालणारी. दुकानातल्या काडतुसांनी तिच्या गोळ्या दोनशे मीटरवर तळहाताएवढ्या जागेत विखरायच्या. फर्गसला ते खपेना. सबंध उन्हाळा आणि नंतरच्या गारठ्याच्या सकाळी तो त्याच नादात होता. दारू कणाकणाने तोलली. गोळी काडतुसाच्या पुंगळीत किती खोल बसवायची ते बदलून बदलून पाहिलं. पितळी पुंगळ्यासुद्धा वजनावर निवडल्या. हलक्या एका आइस्क्रीमच्या डब्यात, जाड भिंतीच्या दुसऱ्या तसल्याच डब्यात. हलक्या पुंगळ्यांमध्ये दारू वरच्या मर्यादेला टेकली तेव्हा कुठे रायफल प्रसन्न झाली. तीन गोळ्यांची भोकं एका बिस्किटाखाली झाकली जातील, इतकी जवळ.

"संसारात इतकं लक्ष घातलं असतंस ना," मॅरियन म्हणाली, "तर आज आपण राजवाड्यात राहिलो असतो."

"राजवाड्याचं छप्पर गळतं," फर्गस म्हणाला.

त्यांची मुलगी कर्स्टी तिमारूला गुरांची डॉक्टर होती. दर वर्षी थंडीच्या तोंडाशी ती वरच्या दरीत ताहर या रानबोकडाच्या शिकारीला जायची, बहुतेक वेळा एकटीच. यंदा तिने गळ घातली, "बाबा, तुझी तोफ दे की मला. नुसती कागदाला भोकं पाडून म्हातारी होईल ती." फर्गस हरखला. तिच्यासाठी त्याने नवी काडतुसं भरली, आणि शुक्रवारी ती घेऊन कर्स्टी गेली.

शनिवारी सकाळी वायव्येचा वारा सुटला. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड; त्याला शोभणार नाही असा गरम, घराचे पत्रे वाजवणारा. फर्गस चहाचा मग घेऊन शेड आवरायला गेला आणि त्याने सहज डबा उघडला.

हलक्या पुंगळ्या जशाच्या तशा आत होत्या. लख्ख पुसलेल्या, रिकाम्या.

त्याने दुसरा डबा ओढला. त्यात काहीच नव्हतं.

मग त्याला आठवलं. भरायला बसला त्या संध्याकाळी शेजाऱ्याचा फोन आला होता, बोलता बोलता त्याने बाक पुसला, डबे इकडचे तिकडे केले. जाड पुंगळीत आत जागा कमी. तेवढीच दारू कमी जागेत पेटली की दाब भलताच चढतो, आणि त्याची दारू तर आधीच काठावर होती. त्यात हा उकाडा. गरम दारू आणखी चेकाळते. नशीब बरं असेल तर रायफलीच्या मागचा बोल्ट नुसता अडकून बसेल. नसेल तर वायू मागे फुटेल, थेट नेम धरलेल्या डोळ्याकडे. असा एक डोळा गेलेला माणूस फर्गसने पाहिला होता.

"मॅरियन!" तो ओरडतच घरात शिरला. "गाडीची किल्ली कुठंय?"

तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "फोन लागणार नाही तिला?"

"दरीत कुठला फोन! तिच्याजवळचं आणीबाणीचं यंत्र तिने मदत मागायची तर चालतं. आपला निरोप पोचत नाही त्यावर."

"मग चल. गाडी मी चालवते."

फर्गस जोडे हातात घेऊनच गाडीत बसला.

रस्ताभर तो स्वतःशीच बडबडत होता. कदाचित काही होणार नाही. कदाचित ती अजून तंबूतच असेल. कदाचित बोकड दिसलाच नसेल. मॅरियन एकदाच म्हणाली, "फर्गस, तू गप्प बसलास तर मला रस्ता दिसेल."

नदीपाशी डांबरी सोडाच, खडीचा रस्ताही संपला. वर डोंगरात पाऊस झोडपत असणार. पाणी दुधाळ झालं होतं आणि एकेका प्रवाहाचे दोन झाले होते. मॅरियनने गाडीतून उतरून पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आत्ता जाशील. परत येता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग काठी घे. आणि तिला सांग, मी इथेच आहे."

मांडीपर्यंत पाण्यातून, काठी रोवत रोवत तो पलीकडे गेला. पायांखालचे गोटे सरकत होते. पुढे दगडांतून चढ. गुडघे बोंबलत होते, पण तो थांबला नाही. मधूनमधून "कर्स्टी!" म्हणून हाक मारायचा; वारा ती तोंडातूनच हिसकावून न्यायचा.

तिच्या नेहमीच्या ओढ्याच्या वळणावर तो पोचला आणि वरच्या कड्यावरून बार झाला.

त्याने मागे शेकडो वेळा त्या रायफलीचा आवाज ऐकला होता. हा तसा नव्हता. जास्त कडक होता, की त्यालाच तसा वाटला? तो उभ्या जागी थिजला. दुसरा बार होईल म्हणून कान देऊन राहिला. दुसरा बार म्हणजे ती धड आहे. पण नुसता वारा.

मग तो धावला. त्या वयात, त्या दगडांवर माणूस जितका धावेल तितका. पडला, तळहात सोलले, उठला. नाही नाही ते विचार येत होते. मॅरियनला काय सांगू, हा त्यातला सगळ्यात वाईट.

कर्स्टी एका सपाट खडकावर पाय पसरून बसली होती. रायफल बाजूला पडलेली. तिने चष्मा काढून हातात धरला होता. उजव्या गालावर तीळ उडावेत तसे काळे ठिपके, आणि भुवईतून रक्ताची बारीक धार.

"डोळा," फर्गस एवढंच म्हणू शकला. "डोळा दाखव."

"बाबा? तू इथे कसा?" ती मोठ्याने बोलत होती, कानात दडे बसल्यासारखी. "अरे, काय भरलं होतंस त्यात, सुरुंग?"

त्याने तिची हनुवटी धरून एकेक डोळा झाकून बोटं दाखवली. तिने नीट सांगितली. चष्म्याची काच तडकली होती. जे यायचं ते काचेवर आलं होतं. फर्गस मटकन खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

कर्स्टीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोल्ट काही केल्या उघडत नाहीये," ती म्हणाली. "बोकड मात्र जागच्या जागी कोसळला. गोळी तसूभर हलली नाही."

"मला नको ती गोळी," फर्गस म्हणाला. "डबा चुकला माझा. माझ्या हातून चुकला."

तिने भुवईवरचं रक्त बाहीने पुसलं. मग म्हणाली, "हो. चुकला." आणि तिने ते तिथेच ठेवलं, वर मलमपट्टी केली नाही. फर्गसला त्याचं बरं वाटलं.

बोकडाचं मांस पाठीवर घेऊन ते उतरले, तेव्हा नदीने अख्खं पात्र व्यापलं होतं. पलीकडे गाडी दिसत होती आणि गाडीच्या टपावर उभी मॅरियन. हाक पोचणं शक्य नव्हतं. कर्स्टीने ओझं खाली टाकलं, दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी उड्या मारल्या. पलीकडची बारीकशी आकृती आधी हलली नाही. मग टपावर खालीच बसली, गुडघ्यांत डोकं घालून.

पाणी ओसरेपर्यंत रात्र अलीकडच्या काठावर शिकाऱ्यांसाठी बांधलेल्या झोपडीत काढावी लागली. घरी आल्यावर रायफल बंदुकीच्या कारागिराकडे गेली, आणि फर्गसने उरलेलं प्रत्येक काडतूस सोडवून दारू बागेत पसरून जाळून टाकली. कर्स्टी दारात उभी राहून बघत होती.

"सोडणार का आता हे?" तिने विचारलं.

"तू सांग."

"सोडू नकोस. पण पुढच्या वेळी मी शेजारी बसणार."

"शेजारी नको," फर्गस म्हणाला. "समोर बस. आणि मी फोन उचलला तर हातावर फटका मार."