पावडरचा सिलिंडर

“रमेश, मेन बंद कर. आधी मेन,” असं शिपायाला ओरडून सांगत नंदा पोटनीसने पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर रूमचं काचेचं दार खांद्याने ढकललं.

आत पडदा पेटला होता. टेबलाखालच्या एकाच बोर्डात सगळ्या वायरी कोंबलेल्या होत्या. तिथून ज्वाळा वर चढत होत्या आणि नवं कोरं सीलिंग काळं पडायला लागलं होतं. बँकेचा तरुण कॉम्प्युटर ऑफिसर पराग फ्लॉप्यांचा डबा छातीशी धरून तिला धक्का देतच बाहेर पळाला. मॅनेजर व्याससाहेब तर केव्हाच रस्त्यावर पोचले होते.

नंदाने भिंतीकडे पाहिलं. कॉम्प्युटरची आग विझवायला गॅसचाच सिलिंडर वापरायचा, हे तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण खुंटी रिकामी होती. वरच्या मजल्यावर शिवणक्लासमधल्या मशिनींची खडखड अजून चालूच होती. त्या मुलींना खाली यायला या खोलीच्या दारावरून जाणारा एकच लाकडी जिना होता.

पॅसेजमधला पावडरचा सिलिंडर तिने काढला. वाटला होता त्याहून तो जड निघाला. पिन ओढली, नळी आगीच्या बुडाशी धरली आणि दांडी दाबली. खोलीभर पांढरा लोट उठला. घसा जळायला लागला, डोळ्यांपुढचं दिसेना, पण सिलिंडर फुसफुसत रिकामा होईपर्यंत तिने दांडी सोडली नाही.

ती खाली आली तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत पांढरी झाली होती. फ्रीगंजचा अर्धा बाजार जमला होता. पानवाल्याने तिच्या हातावर पाणी ओतलं. व्याससाहेब हात जोडून म्हणाले, “नंदाजी, आपने तो आज बैंक की लाज रख ली.”

मुलींना तोपर्यंत रमेशने खाली आणलं होतं. त्यातली एक नंदाकडे बघून हसली, आणि मग का कोण जाणे, रडायला लागली.

आग विझवण्याच्या त्या ट्रेनिंगला नंदा काही हौसेने गेली नव्हती. रविवार होता, पुरुषांपैकी कोणी तयार होईना, म्हणून साहेबांनी तिचं नाव टाकलं. तशी ती बँकेतली जुनी. लग्नाआधीपासून याच शाखेत, आता हेडक्लार्क. नवरा मधुकर कापड गिरणीत होता. गिरणीला टाळं लागलं तेव्हापासून तो घरी बसून सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत वाचायचा. यंदा नंदाला ऑफिसरची जागा मिळणार, असं सगळेच धरून चालले होते. बँकेत कॉम्प्युटर आले, एसी आला, जुन्या लोकांना आपणहून घरी जाण्याच्या योजना आल्या. त्यातही आपण टिकलो, एवढंच काय ते तिला स्वतःचं कौतुक होतं.

शनिवारी तिचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला. शुक्रवारी इंदूरहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने एकेक मशीन उघडून फुंकर मारली आणि मान हलवली. आगीत एकच मशीन गेलं होतं. बाकीच्यांच्या पोटात पावडर शिरली होती.

“सर, ये तो सब गया. पावडर किसने मारा?”

सत्कार झाला नाही. नारळ रमेश घरी घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसचे साहेब चौकशीला आले. व्याससाहेबांच्या केबिनमध्ये नंदाला, परागला आणि रमेशला समोर बसवलं.

“मॅडम, गॅसवाला सिलिंडर यूज करना है, ये आपको मालूम था?”

“मालूम था. पर वो जगह पे नहीं था.”

“कहाँ था?”

पराग टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाला, “सीढ़ी के नीचे था, सर. सबको पता था.”

नंदाने त्याच्याकडे पाहिलं. एकटा राहणारा, इंदूरचा मुलगा. माधव नगरात खोली घेऊन राहायचा आणि मेसचं जेवण सोसत नाही म्हणायचा, म्हणून तीच रोज त्याच्यासाठी डबा आणायची. कॉम्प्युटर रूमच्या उद्घाटनाच्या दिवशी फोटोत लाल नळकांडं वाईट दिसतं म्हणून सिलिंडर काढून ठेवला होता तो यानेच. आणि तो तसाच राहिला.

“किसने हटाया था, ये पराग बताएगा,” ती म्हणाली.

“मुझे आइडिया नहीं, सर.”

तिने रमेशकडे पाहिलं. रमेश पंख्याकडे बघत होता.

आग लागली त्या बोर्डात चहाची इलेक्ट्रिक किटली लावलेली असायची, तीही परागचीच. हे सांगावं असं नंदाच्या अगदी ओठांवर आलं. पण दुपारचा चहा तीही त्याच किटलीतला प्यायची. काच बंद करून, एसीच्या गारव्यात, त्याच्याशी गप्पा मारत. शिवणक्लासच्या मुलींबद्दल कोणी विचारलंच नाही. तिनेच ते काढलं, तेव्हा हेड ऑफिसचे साहेब म्हणाले, “वो ठीक है, मॅडम. सवाल मशीन का है.”

घरी मधुकर म्हणाला, “तू कशाला बीचमध्ये पडलीस? सगळे पळाले ना, तूपण पळायचं.”

“वर मुली होत्या.”

“त्यांचे बाप येणार आहेत का आता तुझ्या बाजूने बोलायला?”

कुकरची शिटी झाली आणि ती उठली.

हलगर्जीपणाचा शेरा तिच्या फाइलला लागला. ऑफिसरची जागा दुसऱ्याला मिळाली. तिची बदली देवास गेटच्या शाखेत झाली. बसस्टँडसमोर एकच हॉल, दिवसभर हॉर्न आणि धूळ. पराग कायम झाला, आणि पुढे त्याला पुण्याला एका खाजगी बँकेत नोकरी लागली. जाण्याआधी तो घरी आला, डबा परत करायला.

“काकू, माझा नाइलाज होता हो. प्रोबेशनवर होतो.”

तो पाया पडायला वाकला. नंदाने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही वर केला नाही.

“झाकण कुठंय याचं?” तिने विचारलं.

“राहिलं वाटतं खोलीवर.”

“राहू दे.”

वर्षभराने हेड ऑफिसने सगळ्या शाखांना आग विझवण्याचं ट्रेनिंग सक्तीचं केलं. देवास गेटच्या शाखेमागच्या मोकळ्या जागेत अग्निशमन दलाचा माणूस आला. त्याने पत्र्याच्या परातीत डिझेल ओतून पेटवलं. कोणता सिलिंडर कशाला वापरायचा, वारा पाठीशी कसा घ्यायचा, जवळ किती जायचं ते समजावलं. मग म्हणाला, “चलिए, कोई एक आइए.”

सगळे एकमेकांकडे बघून हसत राहिले. कॅशियर म्हणाला की आपली कंबर धरली आहे. परातीतला धूर कंपाउंडवरून रस्त्यावर जायला लागला.

नंदाने पदर खोचला आणि पुढे झाली. सिलिंडर उचलला, पिन ओढली, नळी बुडाशी धरून डावीकडून उजवीकडे फिरवली. बघता बघता आग विझली. मागे टाळ्या वाजल्या.

“बहुत बढ़िया, मॅडम,” तो माणूस म्हणाला. “पहले कभी चलाया है?”

“नहीं,” नंदा म्हणाली.

हातावरची पावडर तिने रुमालाला पुसली आणि काउंटरवर परत गेली. पासबुकं घेऊन लोक खोळंबले होते.